वर्षश्राद्धाची येसर आमटी

दोनशे पानांचं जेवण करणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, ‘मीठ कसं कळतं हो?’ मी सांगतो, ओंजळीनं कळतं. पंचवीस पानांच्या आमटीला माझी एक ओंजळ. आमची शालन, म्हणजे बायको, यावर म्हणते, तुमचे हात लहान असते तर अख्खा तालुका अळणी जेवला असता.

मी जळोचीचा आचारी. सगळे नाना म्हणतात. बारामती-इंदापूरच्या गावागावांत वास्तुशांत, सप्ताह, साखरपुडा, डोहाळजेवण, दहावा, वर्षश्राद्ध असलं काही निघालं की माझी पातेली टेम्पोत चढतात. पनीर, काजू, मलई माझ्याकडं मागू नये. लापशी नाहीतर बुंदी, वांगं-बटाटा, चपाती, आमटी, भात. एवढ्यावर मी दोन पिढ्यांची लग्नं पार पाडली आणि एका पिढीला पोचवलं. हे जेवण स्वस्त म्हणून सोपं, असं पुष्कळांना वाटतं. महागड्या जेवणात चूक झाली तर वर मलई ओतून झाकता येते. आमटीवर काय ओतणार? पाणीच.

या धंद्यात यजमानाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तो बोलतो दीडशे, मनात धरतो दोनशे आणि आमंत्रण देऊन येतो तीनशेला. म्हणून कीर्तन चालू असताना मी मांडवाच्या दारात जाऊन चपलांचे जोड मोजायचो, त्यात चौथाई मिळवायचो आणि त्या हिशेबानं आधणात तांदूळ वैरायचो. इंदापूरकडच्या एका गावात देवळाबाहेर चपलांचा ढीग बघून माझी छाती फुगली. आणखी पंधरा किलो वैरला. तासाभरानं घंटा झाली. देवळाला लागून शाळा होती. पोरं वर्गातून पळत आली, आपापल्या चपला पायात अडकवून घरी गेली. त्यांच्या पोटात शाळेची खिचडी केव्हाच गेलेली होती. तो भात दोन दिवस गावातल्या म्हशींनी खाल्ला. त्या गावात मला अजून ‘म्हशींचा आचारी’ म्हणतात.

ही झाली डोळ्यांची चूक. ती सांगायला मला लाज वाटत नाही. सांगायची आहे ती नाकाची.

सगळ्या देशाला घरात बसवलं होतं, त्या दिवसांत मलाही ताप आला. ताप आठ दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. चवीचंही तसंच. मीठ आणि साखर तेवढी कळायची, तीही कुणी लांबच्या रानातून हाक मारावी तशी. बारामतीला डॉक्टरांकडं गेलो. म्हणाले, ‘येईल हळूहळू. धीर धरा.’ अजून धरला आहे.

वकिलाचा वास गेला तर त्याचं काही अडत नाही. माझं सगळंच अडलं. आमच्या जेवणात जिन्नस थोडे, त्यामुळं सगळी मदार वासावर. जिरं कधी फुललं, लसूण कधी लाल झाला, मसाला कधी भाजला आणि कधी जळायला लागला, हे नाक सांगतं. माझं नाक मुकं झालं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. शालनलासुद्धा नाही. वास न येणाऱ्या आचाऱ्याला काम कोण देणार? आंधळ्याला टेम्पो चालवायला देण्यासारखंच ते.

मग मी चोरवाटा शोधल्या. जिरं तडतडतं ते ऐकू येतं. लसणाचा रंग दिसतो. मिरचीची फोडणी बसली की नाही, हे बघायला मी मांडवाकडं नजर टाकायचो. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून खोकल्या की समजायचं, खकाणा उठला, आता पाणी ओतावं. एकदा एक म्हातारी मुळातच खोकल्याची निघाली. तिच्या भरवशावर मी कच्च्या फोडणीवर पाणी ओतलं होतं.

राहता राहिलं चव बघणं. तिथं मला देवानंच हात दिला. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी ती मी निम्मीच पाळायचो. नैवेद्याचं ताट आधी वाढून बाजूला ठेवायचो आणि मग बिनधास्त पळी तोंडाला लावायचो. आता पूर्ण पाळायला लागलो. यजमानीणबाई म्हणाल्या, ‘नाना, जरा चव बघा की,’ की मी दोन्ही कानांना हात लावायचो. ‘नैवेद्य व्हायचाय, ताई. अजून बोट लावलं न्हाय.’ आणि नैवेद्य झाल्यावर पंगत बसलेलीच असते, तेव्हा चव बघून उपयोग तरी काय?

याचा परिणाम मी धरलाच नव्हता. माझी कीर्ती झाली. ‘आचारी असावा तर नानासारखा. सोवळ्यातला माणूस.’ पूर्वी न बोलावणारी चार घरंसुद्धा बोलवायला लागली. धंदा वाढतोय म्हटल्यावर मी कपाळाला अष्टगंध लावायला लागलो. शालन बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, नवरा सुधारला म्हणून गप्प आहे.

अशी तीन वर्षं निभावली. मग इंदापूरकडच्या निरवांगी गावचं काम आलं.

घर ऊस-डाळिंबवाल्यांचं, खाऊनपिऊन सुखी. घरातल्या सोनाबाईंना जाऊन वर्ष होत होतं. घरात मागं राहिलेले त्यांचे मालक, ज्यांना गाव आबा म्हणतं. मुलगा दत्ता, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. आणि दत्ताची बायको रंजना. आदल्या दिवशी सामान बघायला मी गेलो तेव्हा दत्तानं देवघरातून एक स्टीलचा डबा आणला. दोन्ही हातांनी धरून, तान्हं पोर धरावं तसा.

“नाना, आईच्या हातचा येसर हाय. शेवटचा. तिच्या वर्षश्राद्धाला ह्याचीच आमटी पायजे.”

येसर म्हणजे आमच्या भागातला गरिबाचा मोठा आधार. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं, सुकं खोबरं, मिरची सगळं वेगवेगळं भाजून केलेलं पीठ. डाळ शिजवायला नको की भाजी चिरायला नको. पाण्यात कालवायचं, फोडणीवर ओतायचं, उकळायचं. डबाभर येसरावर गाव जेवतं. वर लाल तर्री आली की राजा आणि गडी एकाच चवीनं भुरके मारतात.

दत्तानं झाकण काढून डबा माझ्या नाकापुढं धरला. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. मी डोळे मिटले, छाती भरून वास घेतला आणि माझ्या नाकात जे शिरलं ती नुसती हवा होती.

“वा!” मी म्हणालो. “ह्याला म्हणत्यात हात!”

दत्ताचे डोळे भरले. रंजनाचे नाही. ती पुढं येऊन हळू म्हणाली, “नाना, नीट बघा की. वरीस होऊन गेलंय त्याला. आत खोबरं हाय.”

“ताई, मसाल्यातच माझं आयुष्य गेलं.”

“तसं न्हाय. पुन्यांदा एकदा वास घ्या. म्या ताजा येसर पण करून ठेवलाय, लागला तर.”

मी पुन्हा वास घेतला. पुन्हा हवाच. “बाईंच्या हातचा असताना दुसरा कशाला?” मी म्हणालो, आणि वर एक वाक्य ठेवून दिलं, ज्याची मला आजही आठवण येते: “सासूची सर सुनेला येत न्हाय, ताई. वाईट वाटून घिऊ नका.”

ती आत निघून गेली. मला वाटलं, सासू-सुनेचं असेल काहीतरी. असा माझा अनुभव आणि असा माझा अंदाज.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव. कीर्तन रंगात आलेलं. मी मोठ्या पातेल्यात तेल सोडलं, फोडणी दिली, डबाभर येसर कालवून ओतला. रंग असा आला की मीच खूश. खवटपणाला रंग नसतो आणि आवाजही नसतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पुढच्या रांगेत एक-दोघींनी नाकाला पदर लावला, त्याचा मी माझ्या सोयीनं अर्थ घेतला. बाराला कीर्तन संपलं, बाईंच्या नावानं फुलं पडली. सोनाबाईंच्या फोटोपुढं ताट गेलं, गाईला पान गेलं, कावळ्यानं घास उचलला. पहिली पंगत बसली.

पंगतीच्या तोंडाशी आबा आणि त्यांच्या शेजारी पळसदेवचे तात्या. तात्या म्हणजे सोनाबाईंचे थोरले भाऊ. फेटा, काठी, आणि बहिणीच्या घरी काय कमी पडतंय यावर बारीक नजर. माहेरचा माणूस तसा असतोच. तात्यांनी भातावर आमटी घेतली, एक घास खाल्ला आणि हात पानातच ठेवला.

“आमटी खवट हाय.”

मोठ्यानं बोलले नाहीत. पण श्राद्धाच्या पंगतीत असलं वाक्य मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आधी पोचतं.

दत्ता धावला. “मामा, आसं कसं? आईच्या हातचा येसर हाय त्यो.”

“माझ्या भणीच्या हातचा मसाला दोन वरीस टिकायचा,” तात्या म्हणाले. “ठेवणाऱ्यानं ठेवला नसंल नीट. डबा कुणाच्या ताब्यात व्हता?”

चपात्यांची पाटी घेऊन रंजना पंगतीतच उभी होती. दोनशे माणसांनी माना वळवल्या. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, “सासू गेली की असंच असतं बाई.” रंजना तात्यांकडं बघत नव्हती की त्या बाईकडं. ती माझ्याकडं बघत होती.

तेव्हा मला कळलं. तिला आधीपासून माहीत होतं. पण दत्तानं देवासारखा धरलेला आईचा डबा खवट आहे, असं सुनेनं म्हणायचं कसं? परका, जाणता माणूस म्हणेल, म्हणून तिनं दोनदा डबा माझ्या नाकाला लावला होता. ते नाक मुकं आहे, हे तिला माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर मी लगेच तोंड उघडलं नाही. दोष चांगल्या ठिकाणी जाऊन बसला होता आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. एवढा विचार मी केला, हे नोंदवून ठेवतो. मग पुढं झालो.

“तात्या, मसाल्याचा दोष न्हाय. माझ्याकडनं आमटी बुडाला लागली.”

तात्यांनी मला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. फेटा यजमानांनीच बांधलेला होता.

“करपट येगळं आन् खवट येगळं. येवढं कळत न्हाय तुला? तू आचारी हाईस का गवंडी?”

लोक हसले. खोटं तिथंच आटोपलं. आता दुसरं काही शिल्लक नव्हतं, म्हणून खरं बोललो.

“मला वास येत न्हाय, तात्या. तीन वरसं झाली. काल ताईंनी दोनदा सांगितलं, नीट वास घ्या म्हणून. ताजा मसाला करून ठेवलाय म्हणाल्या. म्या नुसतं डोळं मिटून वा म्हणलं.”

“म्हंजी ते नैवेद्याआधी बोट न लावणं...” तात्यांनी विचारलं.

“त्ये बी त्यातलंच.”

मांडवात कुणीतरी “अरे तिच्या!” म्हणालं. त्या पंगतीत माझी पुढच्या दोन महिन्यांची चार कामं बसलेली होती. चौघेही माझ्या कपाळावरच्या अष्टगंधाकडं बघत होते.

या सगळ्या वेळात आबा जेवत होते. मान खाली, भुरका वर. आमटी संपवून त्यांनी वाटी पुढं केली.

“वाढ रं.”

“दाजी,” तात्या म्हणाले, “खवट हाय ती. ऱ्हाऊ द्या.”

“हाय की,” आबा म्हणाले. “शेवटची दोन वरसं आशीच व्हती. तिला उमगत न्हवतं. डबा उघडा राह्यचा, जुन्यात नवा मिसळायची. आमी बोललो आसतो तर तिनं चूल सोडली आसती. म्हणून आमी न्हाय बोललो.”

दत्ता आबांच्या पानापुढं येऊन बसला. “आबा, माझ्या डब्यात आन् ताटात तर रोज चांगली आमटी असायची.”

“तुझी आमटी रंजी येगळ्या मसाल्याची करायची,” आबा म्हणाले. “म्या आन् ती घरात तुझ्या आईचीच खायचो.” आणि माझ्याकडं वळून, “वाढतुयास का उभाच ऱ्हानार हाईस?”

मी वाढली. मग तात्यांनीही भात कालवला आणि पान पुसून निघेपर्यंत खाल्ला. उठताना रंजनापाशी थांबले. माफी मागायची त्यांच्या घराण्यात रीत नसावी. “पोरी, चपात्या मऊ झाल्यात,” एवढं म्हणाले आणि हात धुवायला गेले. चपात्या मी नेलेल्या बायकांनी केल्या होत्या, पण रंजना “व्हय मामा” म्हणाली.

दुसऱ्या पंगतीला रंजनानं तिचा येसर काढला. मी फोडणीपाशी उभा, ती माझ्या शेजारी. “थांबा. अजून थांबा. आता ओता.” इतक्या वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून मी पाणी ओतलं नव्हतं. पातेलं उकळल्यावर तिनंच वास घेतला आणि मान हलवली. लोकांनी तीन-तीनदा मागून घेतली. आदल्या दिवशीच्या वाक्याबद्दल मी तिला काहीतरी बोलायला हवं होतं. “ताई, पळी द्या,” एवढंच बोललो.

ही बातमी बारामतीला माझा टेम्पो पोचायच्या आत पोचली असणार. चारातली तीन कामं गेली. सप्ताहवाल्यांनी दुसरा आचारी बघितला. आता ज्यांचे फोन येतात त्यांना मी पहिल्यांदा तेच सांगतो: मला वास येत नाही, घरचं एक जाणतं माणूस चुलीपाशी द्या. काही जण फोन ठेवतात. काही जण घरातल्या म्हातारीला पाठवतात आणि ती दिवसभर मला शिव्या देते. एका गावात एका बुवांनी हरकत घेतली की नैवेद्याआधी वास घेणं म्हणजे निम्मं खाणंच. त्यावर तिथली म्हातारी म्हणाली, “मग देवाला खवट चालतं का, बुवा?” आमटी चांगली झाली.

पण हे सगळं नंतरचं. निरवांगीहून मी दिवेलागणीला घरी आलो. शालन ओसरीवर मेथी निवडत होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून पायरीवर बसलो.

“शालन, मला वास येत न्हाय.”

तिनं एक काडी मोडून टाकली. “म्हाईत हाय.”

“कवापासनं?”

“तवापासनंच. दूध उतू जाऊन गॅसवर काळं झालं, आन् तुमी शेजारी पेपर वाचीत बसला व्हता.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी कुठं बोलला?”

मेथी निवडता निवडता खाली मान घालूनच ती म्हणाली, “कामाला जायच्या आदल्या दिशी तुमचं मसाल्याचं डबं कोण हुंगतं, वाटलं तुमाला? गेल्या साली कांदा-लसूण मसाला खराब झाल्ता. म्या उकिरड्यात टाकला आन् नवा भरला. तुमी झाकण काढून म्हणाला, वा, काय मुरलाय!”

“नवाच व्हता?”

“सकाळीच कुटला व्हता.”

तीन वर्षं गावोगाव ‘नानाचा हात’ म्हणून जे कौतुक मी मान डोलवत ऐकून घेतलं, ते मी त्या पायरीवर बसून एकेक करून आठवलं. बराच वेळ लागला. निरवांगीचा डबा तेवढा त्यांच्या घरचा होता.

शालननं मेथीची पाटी उचलली. “उठा, हातपाय धुवा,” ती म्हणाली. “दुपारची आमटी हाय. चांगली हाय. म्या बघितलीया.”